उघड्या हत्यारांची नवमी

खंडेनवमीच्या सकाळी कुंडलिकनं नवा पांढरा शर्ट घातला, तेव्हाच घरातल्या सगळ्यांना कळलं की आज सही होणार. एरवी तो दुकानात पांढरं घालत नसे. मशिनरीच्या धंद्यात पांढऱ्या शर्टाचं दुपारपर्यंत पोतेरं होतं. पण काचेच्या कपाटात नवी करडी मशिनं मांडून पंख्याखाली बसायचे दिवस आता जवळ आले होते, आणि माणसानं सवय आधीपासून लावून घेतलेली बरी, असं त्याचं मत होतं.

भवानीनगरच्या नाक्यावरचं ‘बिरदेव मशिनरी’ आप्पांनी मेंढरांचं खांड मोडून उभं केलं होतं. पुढं काउंटर, तिथं थोरला कुंडलिक. मागं दुरुस्तीचं टेबल, तिथं धाकटा नागेश. दुकानात माल एकाच कंपनीचा, हाल्टमनचा. नाव जर्मन, ग्राइंडर लालभडक. बारामतीपासून इंदापूरपर्यंत जिथं म्हणून लोखंड कापलं जाई, तिथं हा लाल ग्राइंडर ओरडत असे, आणि तो विकताना आप्पांनी प्रत्येकाला एकच शब्द दिलेला असे, “मशिन माझ्याकडनं नेलंस, आता मी हाय तवर ते चालंल.” कंपनीची गॅरंटी वर्षाची होती. आप्पांची त्यांच्या स्वतःच्या आयुष्याएवढी होती, आणि गिऱ्हाईक दुसरीच धरून चालायचं.

आता कंपनीनं लाल मशिन बंद केलं होतं. करडं आणलं होतं. नाक्यावर मोठं शोरूम देऊ म्हणत होते, काच, दिवे, पाटी सगळं कंपनीच्या खर्चानं. अट एकच होती. दुकानात दुरुस्ती चालणार नाही. बिघडलेलं मशिन पुण्याला पाठवायचं. आणि जुन्या लालचे सुटे भाग जर्मनीहून यायचे थांबलेत, तेव्हा गिऱ्हाइकाला समजावून नवं गळ्यात मारायचं. म्हणजे नागेशचं टेबल उचलायचं आणि त्याच्याबरोबर आप्पांचा शब्दही उचलून माळ्यावर ठेवायचा.

बैलपोळ्याला या गोष्टीवरून घरात मोठी वादावादी झाली होती. आप्पांनी शेवटी कुंडलिकच्या बाजूनं मान हलवली होती. नवमीची पूजा झाली की सही करू, म्हणाले होते. तेव्हापासून दोघे भाऊ एकमेकांशी थेट बोलत नव्हते. एकाच छपराखाली चार हातांवर बसून ‘त्याला सांग’, ‘त्याला इचार’ असं चाललं होतं, आणि हा टपाल खात्याचा कारभार त्यांची आई, सिंधुबाई, निमूट सांभाळत होत्या.

कुंडलिक वाईट नव्हता, हे इथंच सांगितलेलं बरं. शिव्या त्यालाच बसायच्या. गेल्या दोन वर्षांत लालचं आर्मेचर, म्हणजे मोटारीचा फिरता गाभा, आलं नाही, की गिऱ्हाईक मागं टेबलाशी जात नसे, काउंटरवर मूठ आपटत असे. “तुझ्या बापानं शबूद दिला हुता,” हे वाक्य त्यानं इतक्यांदा ऐकलं होतं, की बापाचा शब्द हेच त्याला ओझं वाटायला लागलं होतं. तो उचलून फेकायची संधी कंपनी देत होती, वर पंखाही देत होती.

मागच्या अंगणात सिंधुबाई आणि सणाला कळंबहून माहेरी आलेली लेक कौसल्या, दोघींनी रॉकेलची परात पुढ्यात ओढली होती.

या घरात मिटलेल्या हत्याराची पूजा होत नसे. खांड असताना लोकर कातरायच्या कातरी नवमीला दोर सोडून, पाती उघडून मांडायच्या, कोयता म्यानाबाहेर काढायचा. देवाला हत्याराचं पोट दिसलं पाहिजे, असं आप्पांच्या आईचं म्हणणं. मेंढरं गेली, कातरी गेल्या, तरी रीत राहिली. म्हणून दुकानातली ड्रिल, ग्राइंडर नवमीला खोलून, आतली दातेरी चाकं धुऊन घोंगड्यावर वाळत घालायची आणि मग जोडून पूजेला मांडायची. नागेशनं पहाटेच मशिनं खोलून दिली होती. त्यांत कुंडलिकनं पुण्याहून आणलेलं नवं करडं हाल्टमनही होतं. कंपनीचे साहेब दुपारी येऊन हेच लोकांसमोर चालवून दाखवणार होते. ते खोलताना कुंडलिकच्या जिवाची घालमेल झाली होती, पण देवाचं काम, बोलणार काय?

तेवढ्यात फाटकाशी संघपालची मोटारसायकल थांबली. संघपालचं कळंबला फॅब्रिकेशनचं शेड होतं आणि यंदा साखर कारखान्याच्या मिल हाऊसमधलं दुरुस्तीचं काम त्यानं घेतलं होतं. बॉयलर पेटायच्या आत ते पुरं करून द्यायचं होतं. पाठीवरच्या पिशवीत त्याचा लाल ग्राइंडर होता, आर्मेचर जळून मेलेला. आणि त्याच्याखाली, टॉवेलात गुंडाळून, हिरवा ‘बाहुबल’.

हिरवं मशिन बघताच सिंधुबाईंनी दुकानाच्या दाराकडं पाहिलं. बाहुबल म्हणजे बाजारातला स्वस्त माल. आप्पांच्या उंबऱ्याच्या आत तो आजवर आला नव्हता. आप्पांचा दंडकच होता, कंपनीचा माल विकायचा, कंपनीचाच दुरुस्त करायचा.

संघपालला तो दंडक माहीत होता. तो ओशाळून सांगू लागला, की लाल बंद पडलं, काम अडलं, म्हणून आठवड्यापूर्वी इंदापुरातनं हे उचललं. पण एकावर भागत नाही, दोन माणसं रिकामी बसतात. लालचं काही होईल का, हे विचारायला शेवटचं आलोय. नाहीतर काम अर्धवट राहील आणि पुढच्या हंगामाला कारखान्याच्या दारात कुणी उभं करायचं नाही.

“दोनी आण हिकडं,” सिंधुबाई म्हणाल्या. “आज नवमी हाय. आज दारात आलेलं हत्यार माघारी जात न्हाय. कुणी काय म्हणलं तर मी बघते.”

“काकी, पूजा राहू द्या हं. उद्या आमचं विहारात असतंय सगळं.”

“हळद-कुकू न्हाय लावत रं बाबा. पर मळकं तर तसंच देऊ काय तुला? धुऊन देते, मग जा.”

संघपाल हसला आणि त्यानं स्वतःच पान्यानं दोन्ही मशिनं खोलून दिली. मग नागेशला शोधायला आत गेला.

आता झालं असं, की सिंधुबाईंनी उभ्या आयुष्यात धुतली ती भांडी. भांडी धुऊन पालथी घालताना कुणी असं ठेवत नाही, की हे ताट, ही वाटी, हे भांडं एका माणसाचं म्हणून एकत्र. ताटांत ताट, वाटीत वाटी. दरवर्षी नागेश शेजारी बसून प्रत्येक मशिनचा संसार वेगळा ठेवत असे. यंदा तो मन उडाल्यामुळं तिकडं फिरकलाच नव्हता. सिंधुबाईंनी सगळी दातेरी चाकं एका ओळीत लावली, सगळी आर्मेचर एका ओळीत आणि पुढची ॲल्युमिनियमची डोकी तिसऱ्या ओळीत. लाल, हिरवी, करडी प्लॅस्टिकची अंगं तेवढी बाजूला राहिली. कौसल्या कोरड्या फडक्यानं पुसत होती आणि बोलत होती, की आता नागेशलाही काउंटरवर बसवा, त्याची बोटं बघा कशी झालीत, काळं निघतच नाही. आप्पांचं मन कुंडलिककडं वळवण्यात तिचाच हात होता, आणि धाकट्या भावाच्या भल्यासाठी आपण हे केलं, असं तिला मनापासून वाटत होतं.

सिंधुबाई ऐकत नव्हत्या. त्यांनी एक डोकं उचलून उन्हात धरलं, मग दुसरं, मग तिसरं.

“कौसे, ही येकाच खांडातली दिसत्यात गं.”

“कोण?”

“ही मशिनं. हे बघ, आतल्या अंगाला. कान बघ.”

तिन्ही डोक्यांच्या आत, बाहेरून कधी दिसणार नाही अशा जागी, ओतकामात उठलेली एक बारीक चंद्रकोर होती आणि तिच्या पोटात दोन ठिपके. तिन्हींत तीच, त्याच जागी. कौसल्यानं डोळे बारीक केले. लहानपणचं तिला आठवलं. बाजारात मेंढरांच्या पाठीवर व्यापारी आपापला रंग मारत, लाल, निळा, गेरू. पोरं रंग बघून म्हणायची, हे त्याचं, ते ह्याचं. आणि आई म्हणायची, रंग घेणाऱ्याचा असतो, पावसात जातो. मेंढरू कुणाच्या वाड्यात जन्मलं ते कानाच्या कापावरनं कळतं.

“आये,” ती सावकाश म्हणाली, “हे करडं कुठलं आन् हिरवं कुठलं, कळतंय का आता तुला?”

सिंधुबाईंनी ओळींकडं पाहिलं आणि मग त्यांना आपण काय करून ठेवलं ते उमगलं.

नागेशला बोलावलं तेव्हा त्यानं कपाळावर हात मारून घेतला. बाहेर मंडप भरत चालला होता. सांगवीपासूनचे फॅब्रिकेटर, सुतार, कारखान्याचे फिटर दरवर्षीसारखे आले होते, कुंडलिक त्यांना पाणी देत होता आणि दर मिनिटाला रस्त्याकडं बघत होता. आईला बोलण्यात अर्थ नव्हता. तिचा चेहरा आधीच एवढाएवढा झाला होता. ड्रिलचे भाग आकारानं वेगळे ओळखू येत होते, पण ग्राइंडर हे तीनच, आणि तेच एकमेकांत मिसळले होते. नागेश खाली बसला आणि आधी साहेबांचं करडं मशिन जोडायला घेतलं. हाताला आलं ते आर्मेचर, हाताला आलं ते डोकं. सगळं गपकन बसलं. स्क्रू फिरले. बटण दाबलं तर मशिन झकास फिरलं.

मग हिरव्यात घालायला त्यानं उरलेलं चांगलं आर्मेचर उचललं आणि तो थांबला. त्याचं तांबं आरशासारखं लखलखत होतं, कार्बनचा ओरखडासुद्धा नव्हता. आणि संघपालनं तर बाहुबल आठवडाभर राबवलं होतं. म्हणजे हे कोरं आर्मेचर करड्याचं होतं, आणि बाजारातल्या स्वस्त बाहुबलचं आर्मेचर साहेबांच्या जर्मन मशिनमध्ये बसून आत्ताच झकास फिरलं होतं.

नागेशनं संघपालचा मेलेला लाल ग्राइंडर ओढला, ते कोरं आर्मेचर त्यात सरकवलं. ते बसलं. ज्या भागासाठी दोन वर्षं गिऱ्हाइकांनी काउंटरवर मुठी आपटल्या, जो जर्मनीहून यायचा थांबला होता, तो भाग इंदापूरच्या बाजारात हिरव्या खोक्यात पडून होता. बटण दाबलं तसा लाल ग्राइंडर ओरडला, आणि दारात उभा असलेला संघपाल धावत पुढं आला.

इतकी वर्षं आपण मशिनांच्या पोटात हात घालतोय आणि आपल्याला हे कळलं नाही, याचं नागेशला वाईट वाटलं. पण कळणार कसं? बाहुबल कधी टेबलावर आलंच नव्हतं. मग रागानं त्याचं डोकं भणभणलं. सरळ मंडपात जाऊन आप्पांसमोर सगळं फोडावं, साहेब येताच त्याच्या तोंडावर फेकावं, आणि त्या पांढऱ्या शर्टालाही कळू दे. तो उठलाच होता. कौसल्यानं त्याचा दंड धरला.

“आधी दादाला सांग,” ती म्हणाली. “आप्पांम्होरं, लोकांम्होरं त्याला तोंडघशी पाडशील तर टेबल वाचंल, भाऊ जाईल.”

“तू तर त्याच्याच बाजूची.”

“हुते. तुझी बोटं काळी हुत्यात म्हणून हुते. आता म्हणते, काळी राहू दे.”

कुंडलिक मागं आला तो त्रासलेलाच. साहेबांची जीप कारखान्याच्या फाट्यापर्यंत आल्याचा निरोप होता. नागेशनं पोळ्यानंतर पहिल्यांदा त्याच्याशी थेट तोंड उघडलं आणि जे झालं ते सांगितलं. कुंडलिकला खरं वाटलं नाही. टेबल वाचवायला धाकट्यानं काहीतरी जुळवून आणलंय, असंच त्याला वाटलं, आणि तसं तो बोललाही. तेव्हा सिंधुबाईंनी हिरव्याचं सुटं डोकं त्याच्या हातात ठेवलं, लालच्या डोक्याचे स्क्रू सोडायला लावले आणि त्याच्या बोटानंच दोन्हींतली चंद्रकोर चाचपायला लावली.

कुंडलिकनं ते दोन्ही तुकडे शेजारी शेजारी धरून पुन्हा बघितले. काउंटरवर खाल्लेली शिवी न् शिवी त्याला आठवत होती. ते तोंड खाली घालून उभं राहणं, ‘जर्मनीवरनं येत न्हाय हो, आमी तरी काय करणार’ असं प्रत्येकाला सांगणं, आणि ते स्वतःला खरं वाटत होतं, हेच त्याला जास्त लागलं. रॉकेलचा एक ओघळ त्याच्या पांढऱ्या शर्टावर उतरला. त्यानं तो पुसला नाही.

“करडं तसंच राहू दे,” तो शेवटी नागेशला म्हणाला. “खोलू नगंस. साहेबांच्या हातनंच चालू दे.”

“आन् मग?”

“मग माझं काम. काउंटरवरचं बोलणं मी करतो, टेबलावरचं तू कर.”

तो गेला. नागेश बघतच राहिला. दादा असं शेवटचं कधी बोलला होता, ते त्याला आठवेना.

आप्पा मंडपात गादीवर बसले होते आणि त्यांना काहीच माहीत नव्हतं. पूजा झाली, नारळ फुटले, मागं बोकडाच्या रश्शाचा वास दरवळायला लागला, तरी त्यांचं मन थाऱ्यावर नव्हतं. सहीचा शब्द त्यांनी कुंडलिकला दिला होता. दुरुस्तीचा शब्द अख्ख्या तालुक्याला दिला होता. शब्द देणाऱ्या माणसाचा एक दिवस असा येतो, की दोन शब्द समोरासमोर उभे राहतात. आप्पांचा आज आला होता, आणि त्यांनी मुकाट्यानं मुलाच्या बाजूचा निवडला होता. हे सोपं गेलं नव्हतं. रात्रंदिवस पाठ दुखल्यासारखं ते दुखत होतं.

साहेब भला माणूस होता. पुण्याचा, गोड बोलणारा, बूट काढून देवाला हात जोडणारा. त्यानं करडं मशिन उचललं, चष्मा चढवला आणि लोखंडी अँगल शिकंज्यात धरून सर्रकन कापला. ठिणग्यांचा झोत मंडपाच्या कडेपर्यंत गेला. लोकांनी माना हलवल्या.

“आवाज ऐका,” साहेब म्हणाला. “एकसारखा, कुठं खरखर नाही. हे जर्मन आर्मेचर आहे. बाजारातल्या मालाला हा आवाज येणार नाही. म्हणून आम्ही सांगतो, हे दुसऱ्या कुणी खोलू नये. याचं पोट आमच्या माणसांनाच कळतं.”

तेव्हा कुंडलिक पुढं झाला. डाग पडलेला शर्ट, हातात पाना. आप्पांना वाटलं, सहीचा कागद आणतोय.

“साहेब, आमच्या घरात मिटल्या हत्याराची पूजा न्हाय हुत,” तो अदबीनं म्हणाला. “जरा पोट दाखवूया देवाला.” आणि साहेबाला काही कळायच्या आत त्यानं मशिन नागेशच्या हातात दिलं. नागेशनं सगळ्यांसमोर ते खोललं, आर्मेचर उपसलं आणि उंच धरलं. तांब्यावर आठवडाभराचा काळा पट्टा होता.

“संघपाल,” कुंडलिकनं विचारलं, “हे कुणाचं?”

संघपाल आपलं हिरवं मशिन घेऊन पुढं आला. मशिनचं पोट रिकामं होतं. मग त्यानं लाल ग्राइंडरचं बटण दाबलं आणि तो सगळ्यांच्या ओळखीचा जुना आवाज मंडपात घुमला. साहेबांच्या करड्यात बाहुबलचं आर्मेचर, मेलेल्या लालमध्ये नव्या करड्याचं, आणि तिन्हींच्या डोक्यात एकच चंद्रकोर. कुंडलिकनं ती डोकी गर्दीत फिरवली. प्रत्येकानं बोट घालून बघितलं. सांगवीचा एक म्हातारा सुतार आधी हसला, मग सगळा मंडप हसायला लागला, आणि हसता हसता लोक रागावलेही, कारण तिथं बसलेल्या निम्म्यांनी दोन वर्षांत चांगली लाल मशिनं भंगारात टाकली होती.

साहेबाचा चेहरा पडला. तो पळाला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. गर्दी शांत होईपर्यंत तो उभा राहिला. मग आप्पांकडं वळून म्हणाला, की मशिनं भोसरीच्या एका शेडमध्ये तयार होतात. जुनं लालसुद्धा शेवटची काही वर्षं तिथंच होत होतं. कंपनी तपासून घेते, आपलं नाव लावते. बाहुबलवालेही तिथूनच घेतात. धंद्यात सगळीकडं हे असंच आहे.

आप्पा उठले. रात्रंदिवसाचं ते दुखणं आता उरलं नव्हतं. मोठ्यानं बोलायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळं मंडप आणखी गप्प झाला.

“दुसऱ्याकडनं करून घेतलं, ह्यात काय पाप न्हाय, साहेब. आमीबी लोकर आमची घालायचो न् घोंगडी दुसऱ्याकडनं इणून घ्यायचो. इकायची आमच्या नावानं. पर घोंगडं उसवलं, तर ‘इणणारा मेला, नवं घ्या’ असं कधी कुणाला सांगितलं न्हाय. तुमी आमाला तसं सांगायला लावलं. माझ्या पोराच्या तोंडनं.”

कुंडलिकनं साहेबाला भोसरीचा नंबर विचारला. क्षणभर साहेबाच्या चेहऱ्यावर नोकरी आणि लाज यांची कुस्ती झाली. मग त्यानं स्वतःच काउंटरवरच्या फोनचं चक्र फिरवलं आणि रिसीव्हर कुंडलिकच्या हातात दिला.

तिकडं घंटेचा आवाज येत होता. भोसरीलाही खंडेनवमीच होती, शेडचा मालक यंत्रांच्या पूजेतूनच उठून आला होता. कुंडलिकनं सांगितलं, भवानीनगरवरनं बोलतोय, चंद्रकोर आन् दोन ठिपके, ही खूण तुमची का? त्या माणसानं उलट विचारलं, ती तुम्हाला कुणी दाखवली?

“आमच्या आयनं,” कुंडलिक म्हणाला. “ती रंग न्हाय बघत, कान बघते.”

त्या माणसाला यातलं काय कळलं, देव जाणे. पण पुढं तो बोलत राहिला तो थांबेना. एवढी मशिनं केली, कुणाकुणाची नावं लावून गेली, पण कुणी केलं म्हणून विचारणारा फोन आजवर आला नव्हता. हाल्टमनचं नाव छापलेला डबा देता येणार नाही, तो त्यांचा आहे. पण नावाशिवायचं आर्मेचर माझं आहे, ते द्यायला मला कुणी अडवत नाही. लालची आर्मेचर, गिअर, हवे तेवढे घ्या. साचा माझ्याकडं आहे, मी मोडलेला नाही.

“साचा मोडल्याला न्हाय,” कुंडलिकनं फोन खाली ठेवून मंडपाला सांगितलं. पोळ्यापासून तो जे ओझं खाली टाकायला निघाला होता, ते आता त्यालाच खांद्यावर हवं होतं.

कंपनीचा कागद त्यानं साहेबाला परत केला, फाडला नाही, चुरगळला नाही. करडं मशिन आम्ही विकू, चांगलं आहे, असं सांगितलं. पण मागच्या टेबलासकट विकू. वर विचारा, पटलं तर कळवा. साहेब कागद खिशात घालून म्हणाला, की विचारतो. आणि मग जेवायला थांबला. सिंधुबाईंनी त्याला रस्सा वाढला तो हात राखून नव्हे.

ऊन कलायच्या आत संघपालला कारखान्यावर पोचायचं होतं. नागेशनं त्याचा लाल ग्राइंडर नीट घट्ट करून दिला. करड्या मशिनमध्ये हिरव्याचं आर्मेचर पुन्हा बसवलं आणि तेही कुंडलिकनं स्वतःच त्याच्या पिशवीत घातलं. दुकानाचं आहे, काम होईपर्यंत वापर, म्हणाला. हिरवं बाहुबल तेवढं रिकाम्या पोटी मागं राहिलं. या घराच्या टेबलावर आलेलं ते पहिलं हिरवं मशिन. आप्पांनीच ते उचलून तिथं ठेवलं होतं. नागेशनं ते पाहिलं होतं, पण बापाला त्यावरून चिडवायचं पुढच्या सणापर्यंत राखून ठेवलं.

संघपालनं मोटारसायकलला किक मारली, मग पुन्हा बंद केली. आप्पांकडं बघत म्हणाला, “आप्पा, हे लाल किती दिस चालंल आता?”

आप्पांनी नेहमीचा शब्द द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात काउंटरच्या आतून कुंडलिक बाहेर आला. बाह्या वर सरकवलेल्या, शर्टावर रॉकेल, हातांवर ग्रीस.

“आप्पांला नगं इचारू,” तो म्हणाला. “मला इचार. लाल आण, हिरवं आण, करडं आण. मी हाय तवर चालंल.”

आप्पांनी उघडलेलं तोंड तसंच मिटलं. आयुष्यभर एकट्यानं वाहिलेला शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्यांचे डोळे भरून आले, आणि ते लपवायचं त्यांनी काही केलं नाही. नागेशनं मागून टेबलावरचा दिवा लावला. मोटारसायकल कारखान्याच्या रस्त्याला लागली, आणि कुंडलिकनं उरलेली मशिनं उचलून एक एक करून भावाच्या टेबलावर नेऊन ठेवायला सुरुवात केली.